आधी मैदान, मग चषक : महाविद्यालयीन महिला फुटबॉलच्या अभ्यासाची प्रस्तावना

महिला खेळाडूंच्या इतिहासाला हात घालणारा अभ्यासक बहुधा चषकांपासून सुरुवात करतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या महिला फुटबॉल संघाच्या बाबतीत तर हा मोह आवरणे कठीणच. एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९८२ साली महिला फुटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू केले. तेव्हापासून २०२४ पर्यंत या एकाच संघाने ते २२ वेळा पटकावले. त्यातली नऊ जेतेपदे तर १९८६ ते १९९४ अशी ओळीने आली. एवढे चषक समोर आले, की त्यांच्याखेरीज दुसरे काही दिसेनासे होते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत करताना माझे पहिले सांगणे हेच, की जेतेपदांची ही यादी थोडा वेळ मिटून ठेवावी आणि साधे प्रश्न विचारावेत. हा संघ खेळत कुठे होता? मैदान त्याचे स्वतःचे होते, की उरलेल्या वेळात मिळणारे? सरावाची वेळ कोण ठरवत होते? कपडे बदलायची खोली कोणाची, प्रवासाचा भत्ता किती, दुखापत झाली तर पाहायला कोण? संघाच्या सोयी म्हणजे इतिहासाचे सामानसुमान नव्हे. संस्थेने मुलींच्या खेळाला खरोखर काय किंमत दिली, याचा तो सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे. गौरवाची भाषणे कोणीही करतो. जागा आणि वेळ देताना मात्र प्रत्येकाचा हात आखडतो.

हे केवळ माझे मत नाही, कायद्यानेही हीच कसोटी मानली. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच त्याचे मूळ वाक्य. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण १९७५ च्या नियमावलीत समान संधी मोजायची कशी याची यादी आली, आणि ती यादी मी विद्यार्थ्यांना नेहमी सावकाश वाचायला सांगतो. खेळाचे साहित्य, सामन्यांच्या आणि सरावाच्या वेळा, प्रवास आणि दैनंदिन भत्ता, प्रशिक्षक, ड्रेसिंग रूम, सरावाची आणि सामन्याची मैदाने, वैद्यकीय सोय, राहणे-जेवणे, प्रसिद्धी. समतेसारखी मोठी कल्पना सरकारी कागदावर खुंटी, कपाट आणि बसच्या भाड्यापर्यंत खाली उतरली, हे त्या नियमावलीचे खरे मोठेपण. डिसेंबर १९७९ मध्ये सरकारने या नियमांचे अधिक तपशीलवार स्पष्टीकरण दिले. पुढे १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रोव्ह सिटी खटल्यातील निकालाने कायद्याचे हातपाय बांधले गेले, तो फक्त सरकारी पैसा घेणाऱ्या विभागापुरता उरला; आणि १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने नवा कायदा करून ते सोडवले. या चढउताराच्या तारखा शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही विद्यापीठाच्या संघाचा आलेख नीट कळत नाही.

चॅपल हिलचा महिला संघ १९७९ सालचाच. त्याआधी मुली हौशी क्लब म्हणून खेळत होत्या. त्यांनी विद्यापीठाकडे अधिकृत संघाचा दर्जा मागितला, आणि क्रीडा संचालक बिल कोबी यांनी पुरुष संघाचे तरुण प्रशिक्षक अँसन डोरन्स यांना या मुलींचा खेळ बघून यायला सांगितले. डोरन्स यांचे मत अनुकूल पडले आणि संघाची जबाबदारी त्यांच्याकडेच आली. पुढची कित्येक वर्षे ते दोन्ही संघ सांभाळत होते. मराठी वाचकाला इथे एक ओळखीचे नाव भेटेल: डोरन्स यांचा जन्म १९५१ चा, मुंबईतला. वडील तेलाच्या व्यवसायात असल्यामुळे कुटुंब देशोदेशी फिरले. मुंबईने त्यांना फुटबॉल दिला असे मात्र कोणी लिहू नये, तेवढा पुरावा त्या जन्मस्थळात नाही.

संघ झाला, पण खेळायचे कोणाशी? महिला संघ असलेली विद्यापीठे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे सुरुवातीच्या सामन्यांत क्लबचे संघही समोर असत. राष्ट्रीय स्पर्धा नव्हतीच. महिलांच्या महाविद्यालयीन खेळाचा कारभार तेव्हा एआयएडब्ल्यू ही महिलांनीच चालवलेली संघटना पाहत होती. तिच्याकडे पाठपुरावा झाला आणि १९८१ मध्ये पहिले अजिंक्यपद चॅपल हिलमध्येच भरले. यजमानांनी सेंट्रल फ्लोरिडाला १-० असे हरवून ते जिंकले. पुढच्याच वर्षी एनसीएए मैदानात उतरली आणि एआयएडब्ल्यू बंद पडली. महिलांना मोठी स्पर्धा मिळाली, आणि स्वतःच्या खेळाचा कारभार मात्र हातातून गेला. या देवाणघेवाणीचा हिशेब अजून पुरता मांडला गेलेला नाही. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत आव्हानात्मक विषय तोच आहे.

आता मैदान. संघाचे पहिले घर होते फेट्झर फील्ड. १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, सरकारी रोजगार योजनेच्या मदतीने हे मैदान झाले. नाव क्रीडा संचालक रॉबर्ट फेट्झर यांचे. फुटबॉल, लक्रॉस, मैदानी खेळ सगळे इथेच. हिरवळीभोवती धावण्याचा ट्रॅक होता, त्यामुळे प्रेक्षक आणि टचलाइन यांच्यामध्ये कायम एक पट्टा पसरलेला. थ्रो-इन घेणाऱ्या मुलीला बाकावरच्या माणसाचा आवाज ऐकू यावा, ही फुटबॉलची साधी गंमत. ट्रॅकच्या रुंदीने ती दूर ठेवली. अमेरिकेतल्या सर्वांत यशस्वी महिला संघाने आपली २१ एनसीएए जेतेपदे मिळवली ती अशा, मुळात सगळ्यांसाठी असलेल्या मैदानाला घर मानून. शेजारी मॅकॅस्किल सॉकर सेंटर उभे राहिले, तिथे कार्यालये आणि ड्रेसिंग रूम आल्या, आणि सरावासाठी फिन्ली फील्ड्स होती. पण फक्त प्रेक्षक आणि फुटबॉल यांचा विचार करून बांधलेले मैदान यायला अजून अवकाश होता.

सोय म्हणजे केवळ बांधकाम नव्हे, हेही याच संघाकडून शिकता येते. विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावात प्रत्येक गोष्टीची नोंद होत असे. ते पाहून डोरन्स यांनी आपल्या सरावाची घडी बसवली. एकास एक झुंज, हेडर, धावण्याच्या फेऱ्या, छोट्या मैदानावरचे सामने, प्रत्येकाचा निकाल बाजूला उभे असलेले मदतनीस वहीत टिपत आणि सगळ्यांचे क्रमांक उघड्यावर लावले जात. कालची राष्ट्रीय खेळाडू आज एकास एकमध्ये अकरावी आली, तर ती अकरावी हे सगळ्यांना दिसे. मुलींनी आपापसात सलोख्याने वागावे, फार चुरस दाखवू नये, ही शिकवण घेऊन आलेल्या १८ वर्षांच्या मुलीवर या कागदाचा काय परिणाम झाला असेल, याचा विचार करावा. काही जणींना त्याने मोकळे केले, काही जणी त्यात भाजून निघाल्या. दोन्ही आठवणी इतिहासात हव्यात.

व्यावसायिक महिला लीग अमेरिकेत २००१ पर्यंत नव्हती. त्यामुळे १९८० आणि ९० च्या दशकांत देशातला वरचा फुटबॉल विद्यापीठांच्या मैदानांवरच खेळला जात होता, आणि महाविद्यालयाची सोय हीच पर्यायाने राष्ट्रीय संघाची सोय होती. १९९१ मध्ये चीनमध्ये पहिला महिला विश्वचषक झाला. ग्वांगझूच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला २-१ ने हरवले तेव्हा प्रशिक्षक डोरन्सच होते आणि १८ जणींच्या संघात नऊ जणी चॅपल हिलच्या होत्या. त्यांत कर्णधार एप्रिल हाइनरिक्स, क्रिस्टीन लिली, आणि १९ वर्षांची मिया हॅम. हॅम विद्यापीठाकडून ९५ सामने खेळली. त्यांतला एकच संघाने गमावला. पुढे टोबिन हीथ, क्रिस्टल डन आल्या, इंग्लंडहून लूसी ब्राँझ आणि अलेसिया रूसोही शिकायला आल्या. तेव्हा इंग्लंडमध्ये मुलींसाठी नसलेली सोय शोधत त्या समुद्रापार गेल्या, हेही मैदानांच्याच इतिहासातले पान.

हा खेळ इतक्या विद्यापीठांत इतक्या वेगाने का पसरला, याचे उत्तर क्रीडाप्रेमापेक्षा हिशेबात आहे. अमेरिकन फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतल्या पुरुष संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत आणि त्याला तोडीचा मुलींचा खेळ नव्हता. टायटल नाइनची तागडी समतोल करायला मोठा संघ आणि कमी खर्च असलेला खेळ हवा होता. फुटबॉल नेमका तसा. म्हणून पहिल्या श्रेणीत महिला फुटबॉलला १४ शिष्यवृत्त्या आणि पुरुषांच्या फुटबॉलला ९.९ अशी मर्यादा कित्येक वर्षे राहिली. १९८२ च्या पहिल्या एनसीएए स्पर्धेत १२ संघ होते. २००१ पासून सहसा ६४ असतात.

या इतिहासाची काळी बाजूही प्रस्तावनेतच सांगायला हवी, नाहीतर ती तळटीपेत जाऊन बसते. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स आणि विद्यापीठ यांच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला. डोरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. एक प्रकरण २००४ मध्ये तडजोडीने मिटले, दुसरे अपील न्यायालयापर्यंत जाऊन २००८ मध्ये, भरपाईसह. संघनिवड, शिष्यवृत्ती आणि राष्ट्रीय संघाचा दरवाजा एकाच माणसाच्या हाती असतो तेव्हा विशीतल्या मुलीला नाही म्हणायला जागा उरते का, हा प्रश्न ड्रेसिंग रूमच्या चौरस फुटांइतकाच सोयीसुविधांचा प्रश्न आहे. मुलींना तक्रारीसाठी विश्वासाची जागा असणे ही पहिली सोय.

फेट्झर फील्ड २०१६ च्या हंगामानंतर पाडले गेले. बांधकाम चालू असताना संघ जवळच्या केरी इथे पाहुणा म्हणून खेळला. २०१९ मध्ये जुन्या जागेवर ४,२०० आसनांचे, ट्रॅक नसलेले, फुटबॉल आणि लक्रॉसचे नवे मैदान उघडले आणि त्याला डोरन्स यांचेच नाव दिले गेले. ते आजही पुरुष संघाबरोबर वाटून घेतलेले आहे. पण बरोबरीने वाटून घेणे आणि उरलेले पदरात पडणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डोरन्स निवृत्त झाले. त्याच हंगामात डेमन नाहास यांच्या हाताखाली संघाने वेक फॉरेस्टला १-० ने हरवून २२ वे जेतेपद मिळवले. अंतिम सामना झाला केरीच्याच मैदानावर.

मराठी अभ्यासकाने या सगळ्यात का शिरावे? कारण आपल्याकडे मैदाने आली ती उलट्या क्रमाने. २०२२ मध्ये महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला, त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे काही सामने मडगावला आणि अंतिम सामना नवी मुंबईत झाला. जागतिक दर्जाची हिरवळ आली; तिच्यावर रोज सराव करणारे महाविद्यालयीन मुलींचे संघ मात्र त्या प्रमाणात आले नाहीत. तेव्हा आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या नोंदी, जिमखान्यांच्या वह्या, मैदान वाटपाचे तक्ते हे सारे अभ्यासायला हवे, आणि ते कसे अभ्यासायचे याचा नमुना चॅपल हिल देते. तिथले विद्यार्थी वृत्तपत्र ‘डेली टार हील’ १८९३ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर खुले आहेत. सुरुवात तिथून करावी. १९७९ च्या ज्या मुली पुढे राष्ट्रीय संघात गेल्या नाहीत, त्यांच्या मुलाखती अजून घेता येतील. कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या या खेळात इतकी वर्षे कमी का राहिली आणि लहानपणीच्या महागड्या क्लब-शुल्काचा त्यात वाटा किती, यावर काम हवे. आणि जून २०२५ च्या न्यायालयीन समझोत्याने शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा काढून तो स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांना २८ खेळाडूंची मर्यादा घातली आहे. खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभाही त्याच समझोत्याने दिली. तो पैसा पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलकडे किती वळेल आणि मुलींच्या मैदानांपर्यंत किती पोहोचेल, याची नोंद आजपासूनच ठेवायला हवी.