आमच्या वऱ्हाडचा खलपुरुष

रिद्धपूरला १३व्या शतकात गोविंदप्रभूंच्या लग्नाचा थाट मांडला गेला. त्यासाठी महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ रचले. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, म्हणजे आमच्याच अमरावती जिल्ह्यातली. तेव्हा त्या लग्नात मोडता घालणारा तिचा भाऊ रुक्मीही आमचाच की हो!

मी पडलो बँकेतला कारकून. माणूस दिसला की आधी खाते उघडतो. भागवतात रुक्मीची नावे बाजू भरभक्कम आहे. बहिणीच्या मनाविरुद्ध शिशुपालाचे स्थळ ठरवले. कृष्णाने तिला नेले, तेव्हा ‘तिला आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही’ म्हणून धावला आणि हरला. बहिणीने पाय धरले म्हणून जीव वाचला. केस-मिश्या मात्र वेड्यावाकड्या भादरल्या गेल्या. हे पाहून बलरामाने कृष्णालाच सुनावले.

आता जमा बाजू बघा. गडी शब्दाला जागला. घरी गेलाच नाही. भोजकट वसवून तिथेच राहिला. पुढे मनातले वैर न विसरताही, केवळ बहिणीला बरे वाटावे म्हणून, तिच्या मुलाला आपली मुलगी दिली.

आजचे अद्भुत कादंबऱ्या लिहिणारे खलनायकाबद्दल कणव यावी म्हणून त्याला दुःखी बालपण देतात. रुक्मीला तर एक बहीण आणि एक शब्द, एवढेच भांडवल पुरले. शेवटी नातीच्याच लग्नात, फाशांच्या डावात खोटे बोलून, तो बलरामाच्या हातून मेला. खाते तोट्यातच बंद झाले. पण मला ते बुडीत म्हणवत नाही.