जयगड बघायला येताय? मग जयबाला भेटून जा

मंडळी, सुट्टी लागली की आमच्याकडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. गणपतीपुळ्याला दर्शन, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, मग कऱ्हाटेश्वर, दीपगृह आणि जाता जाता जयगड किल्ला. किल्ल्यात वीस मिनिटं, चार फोटो, की निघाले फेरीबोट पकडायला. परवा एका पाहुण्यांनी मला विचारलं, "पडक्या भिंतींशिवाय इथे बघण्यासारखं काय आहे हो?" म्हटलं, बसा जरा. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी किल्ल्याची जागा बघा. शास्त्री नदी समुद्राला मिळते ते हे मुख. याच खाडीने आत गेलं की संगमेश्वर. म्हणजे जयगड हा संगमेश्वरच्या व्यापाराचा दरवाजा. दरवाजा ज्याच्या हातात, त्याच्या हातात खाडी. म्हणून सोळाव्या शतकात विजापूरकरांनी इथे तट उभारला. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला, मग मराठ्यांकडे, आंग्र्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. पलीकडे तवसाळला विजयगड आहे. दोन्ही मिळून खाडीवर पहारा. आतला मोठा वाडा कान्होजी आंग्र्यांचा म्हणून सगळे दाखवतात.

पण किल्ल्याला नाव ना सुलतानाचं, ना सरदाराचं. ते आहे जयबाचं.

गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. बांधकाम काही केल्या टिकेना, तट पुन्हा पुन्हा ढासळायचा. नरबळी हवा असं ठरलं. तेव्हा महार समाजातला जयबा नावाचा पोरगा स्वतःहून पुढे झाला, त्याचा बळी दिला आणि मग तट उभा राहिला. किल्ल्यात त्याचं स्मारक आहे.

ही दंतकथा आहे, कागदोपत्री पुरावा नव्हे, हे मान्य. तरी लहानपणापासून मला एक प्रश्न पडतो. 'स्वतःहून' म्हणजे काय? त्या काळात गावकुसाबाहेरच्या पोराला 'नाही' म्हणायची सोय होती का? त्याच्या आईला कोणी विचारलं असेल का? आपण 'बलिदान' म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. पण गोष्ट खरी असो वा नसो, किल्ले बांधताना किंमत कोण मोजत होतं, हे लोकांनी तिच्यात जपून ठेवलंय. राजे बदलले, नाव टिकलं.

आज त्याच खाडीच्या तोंडाशी २००९ पासून मोठं बंदर आहे, शेजारी १२०० मेगावॅटचा वीजप्रकल्प. खाडी पुन्हा दरवाजा झालीये. मग आपणही विचारायला हवं, या दरवाज्यातून जे आत येतं त्यातलं गावाच्या वाट्याला काय येतं? आणि किंमत कोण मोजतं?

माझं मागणं साधं आहे. गावातल्या मुलामुलींना वाटाड्याचं शिक्षण मिळावं, आणि किल्ल्याची माहिती सांगताना त्यांनी जयबापासून सुरुवात करावी. पर्यटनाचे चार पैसेही गावातच राहतील.

आणि पाहुण्यांनो, तुम्ही तवसाळला जाताना फेरीबोटीत गाडीतून खाली उतरा आणि मागे वळून बघा. पाण्यावरून किल्ला दिसला की तो इथे का बांधला ते कोणी सांगावं लागत नाही. पण त्याआधी जयबाच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबून या.