बेल्हेल्व्हीचे पाळक आणि शिकाऱ्याचा नेम

शिकारीच्या बंदुकीचा नेम अचूक कसा होत गेला, असा प्रश्न निघाला की बहुतेकांचे लक्ष नळीकडे जाते. ते साहजिकच आहे. इसवी सन १५०० च्या सुमारास जर्मन प्रदेशातील कारागीर नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडू लागले होते. त्या खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि भोवऱ्याप्रमाणे तोल सांभाळीत ती आपली दिशा राखते. अशा नळीची बंदूक म्हणजेच रायफल.

तरीही नेम चुके, आणि दोष नळीचा नसे. चाप ओढताच गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी रंजकावर पडे, रंजकाचा भडका बंदुकीच्या कानातून आत शिरे आणि मग कोठे मुख्य दारू पेट घेई. विलंब निमिषमात्राचा, पण तेवढ्यात डोळ्यांसमोरील भडक्याने शिकाऱ्याचा हात हले, जनावर बिचके. भलतीकडे गोळी लागलेला जीव झुडपांत तडफडत राही. शिकारीचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु शिकारीत याहून क्रूर असे दुसरे काय असेल?

हा विलंब घालविण्याचा मार्ग एका धर्मोपदेशकाने दाखविला, याचे आम्हांस कौतुक वाटते. रेव्हरंड अलेक्झांडर जॉन फोर्साइथ (१७६८-१८४३) हे स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनजवळच्या बेल्हेल्व्ही येथील प्रॉटेस्टंट पाळक. त्यांना रानपाखरांच्या शिकारीचा छंद होता. त्यांची बंदूक छऱ्यांची. पण अडचण तीच. रंजक भडकले की पाखरे सावध होत आणि छरे पोहोचेपर्यंत जागा रिकामी! फोर्साइथ यांना रसायनशास्त्राचीही गोडी होती. आघात होताच स्फोट पावणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करून त्यांनी गारगोटी आणि रंजक दोन्हींना रजा दिली. कानाशी चिमूटभर स्फोटक चूर्ण, त्यावर घाव, की आतली दारू पेटलीच. दिवाळीत आपली मुले दगडाने ठेचून वाजवितात त्या टिकलीचे तत्त्व हेच.

१८०६ साली लंडनच्या टॉवरमध्ये त्यांना प्रयोगांसाठी जागा मिळाली. वरचा अधिकारी बदलला आणि १८०७ मध्ये त्यांना तेथून निघावे लागले. त्याच वर्षी त्यांनी पेटंट घेतले. पुढे इतरांनी ते चूर्ण तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसविले. मग ओल्या हवेतही बार सहसा फुकट जाईना, आणि ही टोपी रायफलीवर आली तेव्हा खाचांचे खरे मोल शिकाऱ्यांना कळले. १८४० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यानेही हीच पद्धत स्वीकारली. पाखरांसाठी शोधलेली युक्ती माणसांवर चालली. हे पाळकांच्या ध्यानीमनी नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही; टॉवरचा उंबरठा त्यांनी स्वतःच ओलांडला होता.

फोर्साइथ अखेरपर्यंत बेल्हेल्व्हीचेच पाळक राहिले. सरकारला त्यांची आठवण झाली ती त्यांच्या अगदी उतारवयात, आणि नंतर मंजूर झालेली रक्कम त्यांच्या नातलगांच्या हाती पडली.