एका लहान कॉलेजाचें ऋण

कॉलेज म्हटलें कीं भव्य इमारत आणि शेंकडों विद्यार्थी आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. सारें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत घालविल्यावर माझें मत मात्र निराळें झालें आहे. विद्यालयाचें मोठेपण मोजावें तें त्यानें कोणासाठीं दार उघडलें यावरून. याचें उदाहरण म्हणून आज एका लहान कॉलेजाची हकीकत सांगतों.

इ. स. १८५० मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं स्त्रियांसाठीं वैद्यकाचें एक कॉलेज निघालें. १८५१ च्या अखेरीस त्याच्या पहिल्या आठ विद्यार्थिनी पदवीधर झाल्या. ॲन प्रेस्टन ह्या त्यांपैकींच एक. पुढें त्या तेथेंच शरीरक्रियाशास्त्र शिकवूं लागल्या. परंतु पुस्तकांतून व व्याख्यानांतून मिळणारें ज्ञान वेगळें. रोग ओळखण्याची विद्या रोग्याच्या खाटेपाशींच येते. शहरांतील रुग्णालयें तर स्त्रियांना शिकण्यासाठीं आंत घेईनात. तेव्हां प्रेस्टनबाईंच्या खटपटीनें १८६१ सालीं स्त्रियांचें स्वतंत्र रुग्णालय उभें राहिलें. १८६९ च्या नोव्हेंबरांत त्यांच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलांतील व्याख्यानास गेल्या असतां पुरुष विद्यार्थ्यांनीं त्यांची हुर्यो उडविली. तरीहि विद्यार्थिनींचें तेथें जाणें थांबलें नाहीं.

ह्याच कॉलेजांत १८८३ सालीं आपल्या आनंदीबाई जोशी दाखल झाल्या. चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल अवघ्या थोड्या दिवसांत दगावलें होतें. त्या वेळीं रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका रॅचेल बॉडले ह्या कॉलेजाच्या डीन होत्या. परक्या देशांतील थंडी आणि खालावलेली प्रकृति सोशीत आनंदीबाईंनीं अभ्यास पुरा केला. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली; त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांत स्त्रियांच्या विभागाचें काम त्यांच्यासाठीं ठरलें होतें. पण तें हातीं घेण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. वय अवघें एकवीस.

मग ती सारी विद्या व्यर्थच गेली काय? हिशेबी माणूस तसें म्हणेल. परंतु हिंदु स्त्री डॉक्टर होऊं शकते, हें त्या पदवीनें सिद्ध झालें, तें पुन्हां कोणी खोडूं शकला नाहीं. १८८९ मध्यें जपानच्या ओकामी केइको ह्याच कॉलेजांतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

मोठ्या रुग्णालयांनीं दारें लावलीं तेव्हां एका लहान कॉलेजानें आपलें दार उघडें ठेविलें. आनंदीबाईंचें स्मरण करितांना त्या दाराचेंहि स्मरण ठेवावें, एवढीच विनंती.