अ‍ॅक्रिलअमाइड आणि माकडांची नजर

* अ‍ॅक्रिलअमाइडच्या विषबाधेत हातापायांकडे जाणाऱ्या लांब मज्जातंतूंची टोके आधी झडतात. विल्यम मेरिगन व सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात मकाक माकडांवर केलेल्या प्रयोगांत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी वाटही सुटत नाही, असे दिसले. ते मोजायचे दोन परींनी : समोरचे पट्टे उलटसुलट होताना मेंदूच्या मागच्या भागात उमटणारी विद्युतलहर किती मिलिसेकंद रेंगाळते, आणि सराव दिलेले माकड किती बारीक, किती फिके पट्टे ओळखते. बारीक पट्टे आणि रंग हरवले; भरभर लुकलुकणारे रुंद पट्टे मात्र दिसत राहिले. दृष्टिपटलातील लहान पेशींचे तंतू बळी पडले होते, मोठ्या पेशींचे बव्हंशी वाचले होते. ‘माकडे आंधळी झाली’ हे मूळ लेखकाचे विधान त्यामुळे मान्य करता येत नाही. — संपादक