थेंबभर खारं पाणी

तान्हं बाळ दूध पिता पिता मध्येच तोंड काढून रडायला लागलं, की घरात पहिला संशय पोटावर जातो. सर्दीच्या दिवसांत मात्र खरं दुखणं बरेचदा नाकात असतं. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं आणि शिंकरणं त्याला जमत नाही. नाक चोंदलं की दूध ओढायचं की श्वास घ्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. डॉक्टर मग सलाईनचे थेंब लिहून देतात. उपाय साधा आहे, पण बाळापर्यंत तो बऱ्याच उशिरा पोचला.

नाक साफ करण्याची आपल्याकडची जुनी योगक्रिया म्हणजे नेती. नेती म्हटलं की आज तोटीचं भांडं डोळ्यांसमोर येतं. पंधराव्या शतकातल्या ‘हठयोगप्रदीपिके’तली नेती मात्र सुताची आहे: गुळगुळीत दोरा नाकातून घालून तोंडावाटे बाहेर काढायचा. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. पण नेती ही साधना करणाऱ्या मोठ्या माणसांची क्रिया होती.

युरोपात सुरुवात वासापासून झाली. पाण्यात मिसळलेल्या सुगंधाचा वास येतो का, हे लाइपझिगचे शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर तपासत होते. त्यासाठी त्यांनी डोकं खाली करून ओ-डी-कोलन मिसळलेलं पाणी नाकात भरून घेतलं. वास आला नाही! पण १८४७च्या या कामातून दुसरीच गोष्ट हाती लागली. तोंडाने श्वास घेत राहिलं तर मऊ टाळू वर उचलली जाते, घशाकडची वाट बंद होते आणि एका नाकपुडीत ओतलेलं पाणी दुसरीतून बाहेर येतं. लंडनचे डॉक्टर थुडिखुम यांनी १८६४ साली याच तत्त्वावर नाक धुण्याची रीत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. भांडं उंचावर ठेवायचं आणि त्यातून आलेली रबरी नळी नाकपुडीला लावायची. ही रीत झटपट लोकप्रिय झाली.

तक्रारीही तितक्याच झटपट आल्या. जोराने सोडलेलं पाणी कानाकडे शिरतं आणि मधल्या कानाला सूज येते, असं न्यूयॉर्कचे कर्णतज्ज्ञ रूसा यांनी दाखवून दिलं. लहान मुलांत नाकामागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे हा धोका त्यांना जास्त. शिवाय साधं पाणी नाकाला झोंबतं. या झोंबण्यामागचं कारण रक्तपेशींवरच्या प्रयोगांतून कळत गेलं. डच शास्त्रज्ञ हॅम्बर्गर यांनी १८९०च्या दशकात रक्ताशी मिळतंजुळतं मिठाचं प्रमाण सुमारे ०.९ टक्के, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम, असं ठरवलं. तेच आपलं ‘नॉर्मल सलाईन’. पाणी झोंबेनासं झालं, धारेऐवजी थेंब आले, तेव्हा कुठे ते तान्ह्याच्या नाकात घालण्याजोगं झालं.

आपल्याकडे मात्र कित्येक घरांत अजून बाळाच्या नाकात तेल घालतात. ते थांबायला हवं. तेल श्वासातून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

फ्रान्समध्ये सलाईनच्या छोट्या प्लास्टिक कुप्या तान्ह्या मुलांच्या घरोघरी असतात. बाळाच्या ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज आल्यावर, पूर्वी तिथे छातीचा व्यायामोपचारही सर्रास होत असे. २०१९ साली तिथल्या आरोग्य प्राधिकरणाने तो नको म्हटलं. नाक मोकळं करणं कायम ठेवलं. पाण्याबाबत मात्र हयगय चालत नाही. अमेरिकेतल्या लुइझियानात २०११ साली नळाचं पाणी थेट वापरून नाक धुणारी दोन माणसं त्या पाण्यातल्या अमीबामुळे दगावली. म्हणून पाणी निर्जंतुक किंवा उकळून गार केलेलंच हवं.

एडिंबराच्या संशोधकांनी पुढे मिठाचं प्रमाणच वाढवून पाहिलं. सहा वर्षांपर्यंतच्या ४०७ मुलांच्या त्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये मांडले गेले. आईवडिलांना २.६ टक्के मिठाचं पाणी तयार करायला आणि मुलांच्या नाकात थेंब घालायला शिकवलं होतं. थेंब घातलेल्या मुलांची सर्दी सरासरी सहा दिवस टिकली, इतरांची आठ. घरातल्या इतरांनाही सर्दी झाली अशी घरं थेंबांच्या गटात ४६ टक्के होती, दुसऱ्या गटात ६१ टक्के.