संयुग आणि मिश्रण

दोन किंवा अधिक मूलद्रव्यांचा रासायनिक संयोग होऊन वजनाच्या ठराविक प्रमाणात बनलेला पदार्थ म्हणजे संयुग. दोन किंवा अधिक पदार्थ परस्परांशी संयोग न पावता एकत्र आले, तर ते मिश्रण. पाणी, मीठ, कार्बन डाय-ऑक्साइड ही संयुगे होत. हवा, समुद्राचे पाणी, पितळ ही मिश्रणे. मिश्रणातील घटक स्वतः मूलद्रव्ये किंवा संयुगे असू शकतात.

पदार्थ एकजिनसी दिसतो की नाही, यावरून हा भेद ठरत नाही. गाळलेले समुद्राचे पाणी शुद्ध पाण्याइतकेच एकजिनसी दिसते. अशा मिश्रणांना समांगी मिश्रणे म्हणतात. वाळू व मीठ यांच्यासारखी, घटक वेगवेगळे दिसणारी मिश्रणे विषमांगी होत.

गुणधर्म : मिश्रणात घटकांचे गुणधर्म बहुतांशी टिकून राहतात, संयुगात ते लोपतात. लोखंडाचा कीस व गंधकाची पूड वजनाने ७:४ या प्रमाणात एकत्र केली, तर चुंबकाने कीस वेगळा काढता येतो. मिश्रणावर विरल हायड्रोक्लोरिक अम्ल टाकल्यास लोखंडापासून हायड्रोजन निघतो. तेच मिश्रण तापवले की ते उष्णता बाहेर टाकत रसरसते आणि काळे लोह सल्फाइड बनते. त्यातून चुंबकाला लोखंड काढता येत नाही, आणि त्याच अम्लाने आता सडक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो.

विलगन : मिश्रणाचे घटक गाळणे, निवळणे, बाष्पीभवन, ऊर्ध्वपातन अशा भौतिक क्रियांनी वेगळे होतात, संयुग फोडण्यास रासायनिक बदल घडवावा लागतो. मिठागरात समुद्राचे पाणी उन्हाने आटते आणि मीठ मागे उरते. त्या मिठातून सोडियम व क्लोरीन मिळवायचे, तर वितळलेल्या मिठातून विद्युत प्रवाह सोडून त्याचे विच्छेदन करावे लागते. शुद्ध मिठाचा वितळबिंदू ८०१° से. आहे, तो खाली आणण्यासाठी उद्योगात त्यात इतर क्लोराइडे मिसळतात.

प्रमाण : हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू कोणत्याही प्रमाणात मिसळता येतात, पण पाणी बनताना त्यांचा संयोग वजनाने सुमारे १:८ याच प्रमाणात होतो, जास्तीचा वायू तसाच उरतो. स्थिर प्रमाणाचा हा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी स्पेनमध्ये काम करताना मांडला. खनिजातून मिळालेल्या व प्रयोगशाळेत बनवलेल्या ताम्र कार्बोनेटातील घटकांचे प्रमाण सारखेच असते, हे त्यांनी १७९९ मध्ये दाखवले. रसायनशास्त्रज्ञ क्लोद बेर्तोले यांचे मत वेगळे होते. परिस्थितीनुसार संयुगातील प्रमाण बदलत जाऊ शकते, असे ते म्हणत आणि विद्राव, मिश्रधातू व धातूंची ऑक्साइडे यांचे दाखले देत. प्रूस्त यांनी विद्राव व मिश्रधातू यांना संयुगांच्या बाहेर काढले आणि कथिलाची ऑक्साइडे दोनच आहेत, असे दाखवले. आजच्या आकड्यांनुसार एकात कथिल ८८.१%, तर दुसऱ्यात ७८.८% असते. विश्लेषणात मधला आकडा आला, तर नमुना या दोहोंचे मिश्रण असू शकतो. संयुग व मिश्रण यांतील भेद या वादात काटेकोर झाला. पुढे जॉन डाल्टन यांच्या अणुसिद्धांताने नियमाचे कारण दिले : अणू पूर्ण संख्येत जोडले जातात, म्हणून वजनाचे प्रमाण ठरलेले राहते.

फसव्या कसोट्या : उष्णता निघाली म्हणजे संयुग झालेच, असे नाही, सल्फ्युरिक अम्ल पाण्यात ओतल्यावर पाणी खूप तापते, तरी मिळतो तो विद्रावच. स्थिर उकळबिंदूही पुरेसा नाही. वजनाने सुमारे ९५.६% एथिल अल्कोहॉल असलेले पाण्याचे मिश्रण सामान्य वातावरणीय दाबाला ७८.२° से.वर एकसारखे उकळते, आणि साध्या ऊर्ध्वपातनाने त्याचे घटक वेगळे होत नाहीत. दाब बदलला की मात्र हे प्रमाणही बदलते, म्हणून ते मिश्रणच ठरते. प्रत्येक संयुगाला सुटा रेणू असतो, हाही गैरसमज आहे; मिठाच्या स्फटिकात सोडियम व क्लोराइड आयनांची सलग जाळी असते.

अपवाद : काही घन संयुगांत प्रमाण थोडे बदलते. वुस्टाइट या लोह ऑक्साइडात ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोहाचे साधारणतः ८४ ते ९५ अणू असतात. स्फटिकातील लोहाच्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि काही लोह आयनांवरील विद्युत भार वाढून तूट भरून निघते. घटकांमध्ये रासायनिक बंध असल्याने वुस्टाइट संयुगच मानले जाते. अशा पदार्थांना बेर्तोले यांच्या नावावरून ‘बेर्तोलाइड’ म्हणतात.